भाड्याच्या खोलीचे वीज-पाणी : भाड्यात धरावे की वेगळे मोजावे ?

शेतकऱ्याच्या घराला शेतीवाचून आणखी एखादे उत्पन्न असावे, ही गोष्ट आता नवी राहिलेली नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या आसपास विद्यार्थ्यांना, आणि पुणे जिल्ह्यात चाकण व रांजणगाव येथील औद्योगिक वसाहतींच्या परिसरात कामगारांना, शेतकरी कुटुंबे आपल्या घरातील एकदोन खोल्या भाड्याने देतात. कोणी जुन्या घराची पडवी बंदिस्त करून तिला स्वतंत्र दार काढतो, कोणी वस्तीवर घराशेजारी तीन खोल्यांची रांग बांधतो. पावसाने ओढ दिली किंवा कांद्याचा भाव कोसळला तरी महिन्याच्या आरंभी हाती पडणारी ही रक्कम घरचा किराणा चालविते. अशा उत्पन्नास जोडधंदा म्हणण्यास हरकत नाही. आणि जोडधंदा म्हटला की हिशेब आला. परंतु कोंबड्यांच्या खाद्याचा व म्हशीच्या पेंडीचा हिशेब वहीत लिहिणारा शेतकरीही खोल्यांत जळणाऱ्या विजेचा व विहिरीतून उपसल्या जाणाऱ्या पाण्याचा हिशेब बहुधा ठेवीत नाही. ‘भाड्यात सारे आले’ असे एक वाक्य बोलून तो खोलीची किल्ली देतो, आणि मग पुढील अकरा महिने त्या एका वाक्याची किंमत मोजतो.

ही किंमत पैशांत असते त्याहून अधिक घरच्या शांततेत असते, असे पुष्कळ ठिकाणी दिसून येते. ज्या घरात वीज भाड्यात धरलेली असते त्या घरातील वडील माणसांचे लक्ष नकळत भाडेकरूच्या खिडकीकडे लागते. दुपारी दाराला कुलूप असताना आत पंखा फिरत आहे काय, रात्री बारा वाजता दिवा कशासाठी जळतो आहे, न्हाणीघरातील नळ किती वेळ वाहतो आहे, याची चौकशी सुरू होते. प्रथम हे सौम्य शब्दांत सुचविले जाते. नंतर घरधनीण अंगणातून मोठ्याने बोलू लागते. शेवटी कोणीतरी रात्री दहाला मुख्य बटण बंद करतो. परीक्षेच्या दिवसांत अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यास किंवा रात्रपाळी करून सकाळी झोपणाऱ्या कामगारास हा जाच किती होतो, याची कल्पना घरमालकास नसते. तोही दुष्ट नसतो. त्याने आपल्या हाताने असा करार केलेला असतो की, दुसऱ्याने जाळलेल्या प्रत्येक युनिटाचा पैसा त्याच्या खिशातून जावा. अशा स्थितीत माणूस पहारेकरी होणारच.

तेव्हा वीज भाड्यात धरावी की न धरावी, हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. त्यासाठी प्रथम एका खोलीत किती वीज लागते ते पाहणे आवश्यक आहे. पंचाहत्तर वॅटचा साधा पंखा दिवसाकाठी दहा तास चालला तर महिन्यास २२॥ युनिट होतात. नऊ वॅटचा एलईडी दिवा सहा तास लावला तर महिन्यात दीड युनिटाहून थोडे अधिक. मोबाइल चार्ज करण्यास लागणारी वीज इतकी अल्प असते की तिच्यावरून वाद करणे शोभत नाही. म्हणजे जूनमध्ये खोली देताना घरमालकाच्या डोळ्यांपुढे जे चित्र असते ते साधारण पंचवीस युनिटांचे असते, आणि त्या अंदाजाने तो भाड्यात काही रुपये वाढवून समाधान मानतो.

आता तीच खोली निरनिराळ्या ऋतूंत पाहावी. थंडी पडली की बाजारातून पाणी तापविण्याचा रॉड येतो. तो १५०० वॅटचा असेल व रोज अर्धा तास चालला तर महिन्यास २२॥ युनिट. खोलीत दोघे असून प्रत्येकाने आपली बादली वेगळी तापविली तर ४५. एप्रिलमध्ये कूलर येतो; २०० वॅटचा कूलर रात्री दहा तास चालला की ६० युनिट. गॅसची टाकी मिळविण्याची दगदग नको म्हणून अनेक एकटे राहणारे तरुण विजेच्या शेगडीवर भात व डाळ शिजवितात. १५०० वॅटची शेगडी रोज एक तास म्हणजे आणखी ४५ युनिट. अलीकडे विजेवर चालणारी दुचाकीही दारात उभी राहू लागली आहे. तिची बॅटरी तीन युनिटांच्या क्षमतेची असेल तर पूर्ण भरण्यास प्रत्येक वेळी तीनाहून थोडी अधिक युनिटे लागतात. जूनमध्ये पंचवीस युनिटांची असलेली खोली एप्रिलमध्ये सहज सव्वाशेवर जाते. जी वस्तू एका ऋतूत पंचवीस व दुसऱ्या ऋतूत सव्वाशे होते तिची वर्षाची एकच किंमत ठरविणे म्हणजे एकतर स्वतःस किंवा भाडेकरूस फसविणे होय. अंदाज कमी धरला तर घरमालक बुडतो. अधिक धरला तर जो विद्यार्थी रॉड वापरीत नाही, दिवाळीत महिनाभर गावी जातो, तो शेजारच्या खोलीतील कूलरचे पैसे भरतो.

याखेरीज आणखी एक बाब आहे, आणि ती बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. महावितरणचे घरगुती वीजदर टप्प्याटप्प्यांचे आहेत. पहिली १०० युनिटे एका दराने, १०१ ते ३०० पर्यंतची त्याहून बऱ्याच महाग दराने, आणि त्यापुढील आणखी वरच्या दराने आकारली जातात. घरचा व खोल्यांचा मीटर एकच असेल तर सर्वांचा वापर एकत्र मोजला जातो व बिल वरच्या टप्प्यात चढते. प्रत्यक्ष दर वेळोवेळी बदलतात. म्हणून केवळ हिशेब समजण्यासाठी पहिल्या टप्प्याचा सर्व आकारांसह दर ६ रुपये व दुसऱ्याचा १२ रुपये धरू. घरच्या माणसांचा वापर ९० युनिटे असेल तर बिल ५४० रुपये येईल. त्यात प्रत्येकी ७० युनिटांच्या तीन खोल्या मिळविल्या की एकूण ३०० युनिटे होतात. त्यांपैकी १०० युनिटांचे ६०० व उरलेल्या २०० युनिटांचे २,४०० मिळून बिल ३,००० रुपये. घरमालक भाडेकरूंकडून पहिल्या टप्प्याच्या दरानेच पैसे घेईल तर त्यास १,२६० रुपये मिळतील, व घरच्या ९० युनिटांचे म्हणून त्याला स्वतःला १,७४० रुपये भरावे लागतील. पूर्वी तो ५४० भरीत होता. खोल्यांचे भाडे आले म्हणून घरात आनंद असतो; परंतु महिन्यास बाराशे रुपये मीटरच्या खिडकीतून बाहेर जात असतात, ते कोणास दिसत नाहीत.

यावर दोन प्रकारे वाटणी करता येते. बिलाची एकूण रक्कम एकूण युनिटांनी भागून जो सरासरी दर येईल, वरील उदाहरणात १० रुपये, त्या दराने प्रत्येकाने आपापल्या युनिटांचे पैसे भरावेत, ही एक रीत. घरचे पूर्वीचे बिल वजा करून उरलेला सर्व भार खोल्यांवर टाकावा, ही दुसरी रीत. दुसरी रीत हिशेबाच्या कागदावर बरोबर वाटली तरी ती भाडेकरूस पटवून देणे कठीण असते. त्याच्या दृष्टीने मीटर एक, तार एक. घरमालकाचे युनिट सहा रुपयांचे व त्याचे जवळजवळ पावणेबाराचे का, हे त्याला उमगत नाही, व त्यात लबाडी असल्याचा संशय येतो. सरासरीची रीत सोपी आहे. बिलाचा कागद दारावर लावला की कोणासही भागाकार करून पाहता येतो. तिच्यात घरमालकास ३६० रुपयांचा जादा भार सोसावा लागतो हे खरे. तो भाडे ठरवितानाच भाड्यात धरावा, विजेच्या दरात लपवू नये. खोल्या स्वतंत्र दाराच्या व स्वतंत्र चुलीच्या असतील तर वेगळ्या वीजजोडण्या मिळतील काय, याची चौकशी महावितरणच्या जवळच्या कार्यालयात अवश्य करावी. प्रत्येक जोडणीचा स्थिर आकार दरमहा भरावा लागतो; परंतु वरच्या उदाहरणात चारही मीटर शंभर युनिटांच्या आत राहतात व एकूण वीज ३,००० ऐवजी १,८०० रुपयांत पडते. बाराशेची ही बचत तीन जोडण्यांच्या स्थिर आकारापेक्षा मोठी आहे की लहान, हे पाहण्यास कोणत्याही शेतकऱ्यास दहा मिनिटे पुरतात.

वेगळी जोडणी न मिळाल्यास प्रत्येक खोलीला दुय्यम मीटर, ज्यास सर्वत्र सबमीटर म्हणतात तो, बसविणे हाच योग्य मार्ग होय. तो परवानाधारक तारतंत्र्याकडून बसवून घ्यावा, आणि त्याच वेळी खोल्यांच्या तारा व अर्थिंग तपासून घेऊन गळती होताच वीज तोडणारे उपकरण मुख्य फलकावर बसवावे. रॉड बादलीत व हात पाण्यात, असा अपघात होण्यास क्षणही पुरतो. खर्चाची काटकसर या एका ठिकाणी करू नये. पाण्याच्या मोटारीस व ओसरीच्या दिव्यास मिळून आणखी एक सबमीटर असावा. नाहीतर टाकी भरण्याची वीज कोणाची, हा वाद शिल्लक राहतोच. महिन्याच्या ठराविक दिवशी घरमालक व भाडेकरू यांनी मिळून आकडा पाहावा, तो वहीत लिहून दोघांनी सही करावी. विजेच्या दरात नफा घेऊ नये. वीज विकण्याचा परवाना घरमालकास नाही, व ज्यास खोलीचा मोबदला वाढवून हवा असेल त्याने तो भाडे म्हणून उघडपणे मागावा.

याविरुद्ध एक म्हणणे ऐकू येते व ते डावलण्यासारखे नाही. विद्यार्थ्यास घरून ठराविक रक्कम येते. त्याचा बाप स्वतः एखाद्या दूरच्या तालुक्यात शेतकरी असतो, आणि महिन्याला नक्की किती पाठवायचे ते त्याला आधी कळावे लागते. कधी चारशे, कधी नऊशे असे बिल आले की मुलगा खानावळीचा एक वेळचा डबा बंद करतो. अशा ठिकाणी भाड्यातच काही युनिटे धरून द्यावीत, हे अधिक माणुसकीचे ठरेल. उदाहरणार्थ, तीस युनिटे भाड्यात. त्यांवरील जेवढी होतील तेवढी मीटरप्रमाणे. पंखा, दिवा व अभ्यास यांस तीस युनिटे पुरतात. कूलर किंवा शेगडी लावणाऱ्यास आपण काय करीत आहो ते कळते. यातही सबमीटर लागतोच, हे मात्र विसरू नये. मीटरवाचून दिलेली सवलत म्हणजे पुन्हा तोच खिडकीकडे लागलेला डोळा. पंधरा-वीस दिवसांसाठी येणारा पाहुणा, शिबिरार्थी किंवा एखाद्या रुग्णाचा नातलग यांच्या बाबतीत मात्र मीटर पाहत बसणे निरर्थक आहे; तेथे सर्व मिळून एक रक्कम घ्यावी.

थंडीतील ऊन पाणी ही शेतकऱ्याच्या घराला सहज देता येण्यासारखी गोष्ट आहे. ज्यांच्या शेतात पऱ्हाट्या किंवा तुराट्या निघतात त्यांच्या अंगणात अजूनही बंब आढळतो. सकाळी दोन तास बंब पेटवून प्रत्येकास एक बादली ऊन पाणी भाड्यातच दिले तर खोलीत रॉड ठेवण्यास मनाई करता येते, व ती कोणी नाराजीने मानीत नाही. छतावर सौर पाणीतापक असेल तर तेही नको. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेतून २०२४ पासून घरगुती छतावरील सौर वीजसंचास, तीन किलोवॅट किंवा अधिक क्षमतेसाठी, ७८,००० रुपयांपर्यंत केंद्राचे अनुदान ठरविण्यात आले. एक किलोवॅटचा संच आपल्याकडे दिवसास सरासरी चार युनिटांच्या आसपास वीज देतो. ज्याने असा संच बसविला आहे त्यास भाड्यात अधिक युनिटे धरणे परवडेल. तरीही मोजमाप सोडण्याचे कारण नाही.

येथे एका मोहाविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. राज्य शासनाच्या बळीराजा वीज सवलत योजनेखाली एप्रिल २०२४ पासून ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज देण्यात आली. वस्तीवरील खोल्या विहिरीपासून शे-दीडशे फुटांवर असल्या की पंपाच्या पेटीतून एक तार खोल्यांकडे ओढण्याची कल्पना कोणास ना कोणास सुचते, आणि मग ‘वीज भाड्यात’ असे उदारपणे सांगितले जाते. हे करू नये. ज्या कामासाठी वीज मंजूर झाली त्याहून वेगळ्या कामासाठी ती वापरणे हा विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर होय, आणि त्याची आकारणी लागू दराच्या दुपटीने होते. असा वापर केव्हापासून चालू आहे हे ठरविता न आल्यास तपासणीपूर्वीच्या बारा महिन्यांची आकारणी होऊ शकते. दंडाचा भाग बाजूला ठेवला तरी, शेतीच्या वाहिनीवरील वीज ठराविक तासांपुरती येते. रात्री अंधारात बसलेला भाडेकरू तिसऱ्या महिन्यात खोली सोडतो. शिवाय, ही सवलत पिकासाठी मिळालेली आहे. तिचा उपयोग भाडे कमावण्यासाठी होतो असे जेव्हा उघडकीस येते तेव्हा ज्याने कधी असे केले नाही त्या शेजाऱ्याचीही मान खाली जाते. टाकी भरण्यासाठीही घरगुती मीटरवरील लहान मोटारच असावी.

पाण्याची गोष्ट विजेहून निराळी आहे. आपल्याकडे पाण्याचे पैसे घेणे मनास रुचत नाही. वाटसरूस पाणी पाजणे हे पुण्य मानणाऱ्या घराने खोलीतल्या माणसाची घागर मोजावी, हे कोणासही शोभणार नाही; आणि खोल्यांच्या नळांना मीटर बसविण्याचा खटाटोपही बहुधा वाया जातो. म्हणून पाणी भाड्यातच धरावे. परंतु भाड्यात धरलेले पाणी म्हणजे अमर्याद पाणी, असा अर्थ होऊ देऊ नये. ते किती, कोठून व कोणत्या महिन्यापर्यंत, हे खोली देतानाच सांगावे.

तीन खोल्यांत सहा माणसे असली व प्रत्येकास दिवसाला शंभर लिटर पाणी लागते असे धरले तर रोजचे ६०० लिटर होतात. हा आकडा ऐकण्यास लहान वाटतो. पण एक चौरस मीटर जमिनीवर एक लिटर पाणी म्हणजे एक मिलिमीटर थर, हे शेतकऱ्यास ठाऊक आहे. उन्हाळ्यात भाजीच्या पिकास दिवसाला सहा मिलिमीटर पाणी लागते असे मानले तर ६०० लिटर म्हणजे शंभर चौरस मीटरचे, अर्थात जवळजवळ एका गुंठ्याचे पाणी झाले. सहा भाडेकरू ठेवणे म्हणजे पाण्याच्या हिशेबाने एक गुंठा उन्हाळी भाजीपाला वाढविणे होय. ज्याच्या विहिरीस मे महिन्यातही झरा असतो त्यास याची चिंता नाही. ज्याची विहीर एप्रिलअखेर तळ दाखविते त्याने हा गुंठा कोठून आणायचा ते मार्चमध्ये नव्हे, तर जूनमध्ये खोली देतानाच ठरविले पाहिजे.

विहीर सामाईक असेल तर हा विचार आणखी नाजूक होतो. आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांत वडिलोपार्जित विहिरी दोघा-तिघा भावांच्या सामाईक आहेत व पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या आहेत. एका भावाने खोल्या बांधल्या, भाडे त्याच्या घरात आले, आणि पाणी मात्र तिघांच्या विहिरीतून गेले, तर दुसऱ्या भावाच्या मनात अढी बसणे स्वाभाविक आहे. त्याची पाळी अर्ध्या तासाने कमी झाली हे तो उघड बोलत नाही; वर्षभराने बांधावरून भांडण निघते तेव्हा त्याचे मूळ या नळात असते. म्हणून सामाईक विहिरीचे पाणी खोल्यांना देण्यापूर्वी भावांना एकत्र बसवून विचारावे, त्यांच्या संमतीने दिवसाच्या किती टाक्या ते ठरवावे, आणि शक्य तर त्या बदल्यात विहिरीच्या गाळ काढण्याचा किंवा मोटारीच्या दुरुस्तीचा थोडा अधिक वाटा आपण उचलावा. वहिनीस न विचारता नळ जोडणाऱ्याने पुढे सख्खेपणाची अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

ग्रामपंचायतीच्या नळाचे पाणी असल्यास पाणीपट्टी घरमालकाने भरावी व ती भाड्यात समजावी. मात्र जल जीवन मिशनच्या योजना माणशी दररोज ५५ लिटर पाणी धरून आखलेल्या आहेत, हे लक्षात ठेवावे. त्या नळावर सहा परकी माणसे वाढली की घरच्यांच्याच वाट्याचे पाणी कमी होते. पिण्यास व स्वयंपाकास नळाचे आणि धुण्या-न्हाण्यास विहिरीचे, अशी विभागणी केल्यास ओढाताण होत नाही. खोल्यांचे सांडपाणी उघड्या गटारात सोडण्याऐवजी परसातील केळी, अळू व नारळ यांना वळवावे, व उरलेले शोषखड्ड्यात जिरवावे. त्या एका गुंठ्याच्या पाण्यापैकी काही भाग अशा रीतीने जमिनीस परत मिळतो.

जे काही ठरेल ते लेखी असावे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ ज्या क्षेत्रांत लागू आहे तेथे त्याच्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार, ज्यास व्यवहारात लीव्ह अँड लायसन्स म्हणतात तोही, लेखी करून नोंदविणे बंधनकारक आहे, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. करार लेखी व नोंदलेला नसल्यास अटींविषयी भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे मानले जाते. वीज भाड्यात होती की नव्हती, या वादात तोंडी बोलणाऱ्या घरमालकाची बाजू किती लंगडी पडते ते यावरून कळून येईल. त्याच अधिनियमाच्या कलम २९ प्रमाणे पाणी व वीज या आवश्यक सोयी पुरेशा कारणावाचून तोडता येत नाहीत. भाडे थकले म्हणून तार काढणे किंवा नळ बंद करणे हा उपाय नव्हे. त्याऐवजी आरंभीच एका महिन्याच्या अंदाजी वीजबिलाइतकी अनामत घ्यावी, व ती खोली सोडताना शेवटचा आकडा पाहून परत करावी. जेथे हा अधिनियम लागू नाही अशा गावांतही याच पद्धतीने वागणे हिताचे आहे. माणूस तोच, तहान तीच.

करारपत्रात लांबलचक कलमे घालण्याची गरज नाही. वीज सबमीटरप्रमाणे, दर महावितरणच्या त्या महिन्याच्या बिलातील सरासरी; भाड्यात धरलेली युनिटे इतकी; पाणी भाड्यात, टाकी दिवसातून एकदा किंवा दोनदा भरली जाईल; विजेची शेगडी, कूलर व दुचाकीचे चार्जिंग यांस परवानगी आहे की नाही. दुचाकीस परवानगी दिल्यास तिच्यासाठी ओसरीत वेगळा जाड तारेचा सॉकेट काढून द्यावा. खिडकीतून लोंबणारी वायर चालू देऊ नये. त्याखाली खोली ताब्यात देतानाचा मीटरचा आकडा लिहावा.

आणि टँकरची अट त्यातच असावी. ज्या गावांत उन्हाळ्यात टँकर येतो तेथे ही अट लिहिण्यास पुष्कळ घरमालकांना संकोच वाटतो. भाडेकरू पळून जाईल अशी भीती वाटते. वास्तविक भाडेकरूस दुष्काळाची भीती घरमालकाहून कमी नसते, आणि आधी सांगणाऱ्या घरावर तो अधिक विश्वास ठेवतो. विहिरीने तळ गाठल्यास पाणी विकत आणावे लागेल, त्याचा खर्च माणशी वाटून घेतला जाईल, घरची माणसेही त्या वाटणीत मोजली जातील, आणि ज्या महिन्यात विकतचे पाणी आले त्या महिन्याच्या टँकरच्या पावत्या विजेच्या बिलाशेजारीच दारावर लावल्या जातील, एवढे तीन ओळींत लिहिता येते.